दिवेवालीला पल्याड सोडताना

महाडच्या एसटी स्टँडवरून बाजाराकडे निघालं की एका मेडिकलच्या शेजारच्या गाळ्यात चाचांचा सायबर कॅफे होता. चाचा नात्याने माझे कोणी नव्हते. सगळेच त्यांना चाचा म्हणायचे. उमेदीची वर्षं त्यांनी आखातात ट्रेलर चालवण्यात घालवली होती आणि परत आल्यावर, लोक किराणा नाहीतर चपलांचं दुकान टाकतात तसं न करता, त्यांनी कॉम्प्युटर आणून मांडले. त्यातलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. पण एक गोष्ट त्यांच्या डोक्यात पक्की होती. ज्यांचे नवरे तिकडे आहेत त्या बायकांना इथे बसून निर्धास्त बोलता आलं पाहिजे, आणि त्यासाठी काउंटरवर बाईमाणूस हवं. ते बाईमाणूस म्हणजे मी.

दोन हजार साल उलटून काही वर्षं झाली होती. मी पोलादपूरच्या वरच्या अंगाला असलेल्या एका वाडीतून रोज एसटीने महाडला यायचे. इंग्रजी घेऊन बी.ए. झाले होते आणि त्याचं पुढे काय करायचं हे ना मला माहीत होतं, ना घरच्यांना. लग्नाचं बघणं चालू होतं, म्हणजे बघणं चालू होतं आणि लग्न होत नव्हतं. वाडीत माझ्या वयाचं कुणी उरलं नव्हतं. मुलगे दहावी झाली की मुंबई गाठायचे आणि मुली लग्न करून त्यांच्या पाठोपाठ जायच्या. माझा भाऊही तिकडेच होता. वडील मी कॉलेजात असताना गेले. घरात मी आणि आई. आमचं बोलणं भाकरी, लाकडं आणि एसटी या तीन विषयांत संपायचं.

कॅफेत दिवसभर माणसं असायची, पण ती सगळी कुणाशी तरी बोलायला आलेली असायची. बुरख्यातल्या बायका हेडफोन लावून नवऱ्याशी बोलायच्या, दर वाक्यानंतर "ऐकताय ना? ऐकू येतंय ना?" करत. आपले कान झाकले म्हणजे आपला आवाजही झाकला जातो अशी त्यांची समजूत असावी. त्यामुळे तालुक्यातल्या कितीतरी घरांतली भांडणं, बाळंतपणं आणि सासवांचे गुण मला तोंडपाठ होते. ज्यांना टाइप करता येत नव्हतं त्यांचे मेल मी लिहून द्यायचे. 'तुमची फार आठवण येते' हे वाक्य मी आयुष्यात पुष्कळ पुरुषांना लिहिलं आहे. त्यातला एकही माझा नव्हता.

दुपारी जेवणाच्या वेळेला कॅफे ओस पडायचा. अशाच एका दुपारी सुट्टीत घरी आलेला इंजिनिअरिंगचा एक विद्यार्थी एक पान उघडं ठेवून निघून गेला. मी ते बंद करायला गेले आणि वाचत बसले. तो एक खेळ होता, पण त्यात एकही चित्र नव्हतं. नुसते शब्द. 'तू एका नदीकाठी उभी आहेस. समोर गाव दिसतंय.' आपण लिहायचं, 'गावात जाते', की पुढचं वर्णन यायचं. आणि गावात जी माणसं भेटायची ती खरी असायची, म्हणजे जगात कुठे कुठे आपापल्या मशीनसमोर बसलेली. प्रत्येकाने एकेक सोंग घेतलेलं, आणि त्या सोंगातूनच बोलायचं. कुणी सरदार, कुणी चोर, कुणी लोहार. सरदार आणि चोर पायलीचे पन्नास, लोहार एकच. सगळं इंग्रजीत. मला इंग्रजी बोलायला जमायचं नाही, पण शेजारी डिक्शनरी ठेवून लिहायला जमायचं.

मी नावाडीण झाले. आमच्या वाडीत जायला ओढ्यावरचा लाकडी साकव ओलांडावा लागतो आणि तो ओलांडताना मी लहानपणापासून देवाचं नाव घेते. होडीत तर मी जन्मात बसले नव्हते. पण नावाड्याला फार बोलावं लागत नाही, असा माझा विचार. शिवाय त्या गावाला नदी होती, होडी होती आणि नावाडी कुणी नव्हता, त्यामुळे लोकांनी मला हातोहात उचललं. होडीत कुणी बसलं की मी 'नाव सोडते' एवढं लिहायचे. पुढे होडी आपली आपण, ओळीओळीने, पलीकडच्या काठाला लागायची, थोडा वेळ थांबायची आणि आपली आपण परत यायची. मी 'थांब' म्हटलं तरच जास्त थांबायची. असं सोपं काम मला पुन्हा कधी मिळालं नाही.

त्या खेळाचा एक नियम मात्र कडक होता. तिथे जे एकदा घडलं ते घडलं. गावाची कथा सांभाळणारी तीन-चार माणसं होती. मी त्यांना मनातल्या मनात राखणदार म्हणायचे. ते अधूनमधून एखादा प्रसंग जाहीर करायचे. अमुक दिवशी बाजाराला आग लागणार, अमुक दिवशी सरदाराच्या मुलीचं लग्न. तो प्रसंग एकदाच व्हायचा. त्या वेळी जो हजर असेल त्याने तो पाहिला. जो नसेल त्याने पाहिला नाही, आणि मग नंतर त्याने 'मी होतो तिथे' असं म्हणायचं नाही. म्हटलंच कुणी तर राखणदार तंबी द्यायचे. जळलेला बाजार जळलेलाच राहायचा, आणि नवीन येणाऱ्याने त्याची राख पाहून विचारायचं, की बाबांनो, इथे काय झालं होतं?

मला आधी हे फार जाचक वाटलं. आमच्याकडे असं नसतं. शिमग्याची पालखी दरवर्षी त्याच वाटेने येते, त्याच अंगणात नाचते आणि त्याच सहाणेच्या चौथऱ्यावर बसते. मुंबईकराला एका वर्षी रजा मिळाली नाही तर तो म्हणतो, पुढल्या साली बघू. देव पुढल्या साली असतोच. माझ्या भावाने असे चार शिमगे पुढल्या सालावर ढकलले होते आणि देवाने एकदाही त्याला तंबी दिली नव्हती.

गंमत म्हणजे हे प्रसंग व्हायचे नेमके आमच्या पहाटे, जेव्हा मी वाडीत चुलीपुढे असायचे. मी महाडात येऊन दुपारी मशीन उघडावं तर गावात धूर. मी दुपारी यावं तर लग्नाचे मांडव उतरवलेले. बाकी सगळे तोवर झोपायला गेलेले असायचे. जागी असायची ती एकटी दिवेवाली.

दिवेवाली म्हणजे त्या गावात संध्याकाळी घाटावरचे आणि रस्त्यांवरचे दिवे लावणारी म्हातारी. तिच्यामागे बसलेलं माणूस कोण होतं, कुठल्या देशातलं होतं, बाई होती की बाप्या, मला आजही माहीत नाही. मी तिला 'ती' म्हणते. माझी दुपार म्हणजे तिची अगदी सकाळ असायची, एवढं कळलं होतं. पहिल्या वेळी जळका बाजार बघून मी घाटावर नुसती उभी होते, तर ती आली आणि म्हणाली, "बस, सांगते." आणि तिने सगळं सांगितलं. आग कुठून लागली, कोण पळालं, लोहाराने कुणाला बाहेर काढलं, कोण शूर असल्याचा आव आणून विहिरीमागे लपलं. दिवेवालीला सरदारांची फारशी पत्रास नव्हती, म्हणून ती मला लगेच आवडली.

तेव्हापासून तसंच ठरून गेलं. जे मी चुकवायचे ते ती मला दुपारी सांगायची. सांगायला काही नसेल तेव्हाही ती घाटावर यायची. मला उशीर झाला, कॅफेत गर्दी असली, की आल्याआल्या लिहायची, "वाट पाहत होते." माझी वाट पाहणारं दुसरं कुणी नव्हतं. आई पाहायची, पण ती एसटीची. सोंगाबाहेरच्या गप्पा मारायला खेळात एक वेगळी चौकट होती, तिथे मी तिला कधीमधी इकडचं सांगायचे: आमचं ऊन, आमचा भात, चाचा, चाचांचे न चालणारे पंखे. ती सगळं लक्षात ठेवायची. स्वतःबद्दल मात्र काही सांगायची नाही आणि मीही विचारलं नाही. मला खरंच विचारायचं होतं, पण भीती वाटायची, की विचारलं तर ती यायची बंद होईल.

शिमगा होऊन गेला आणि उन्हं चढली तेव्हाची गोष्ट. एका दुपारी तिने त्या बाहेरच्या चौकटीत लिहिलं, की आता तिला मशीनसमोर बसणं जमणार नाही. यापुढे कधीच. कारण सांगितलं नाही. मी एवढंच विचारू शकले, की बरी आहेस ना? त्यावर ती म्हणाली, दिवेवाली म्हातारी झाली आहे, तिला आता पलीकडच्या डोंगरात जाऊन मरू दे. राखणदारांना तिने तसं कळवलंही होतं, आणि पुढे मला विचारलं, पल्याड तू नेशील का मला?

राखणदारांनी प्रसंग जाहीर केला. दिवेवालीचं शेवटचं जाणं. आणि वेळ होती आमच्या शुक्रवारची दुपार. ती तिने मागून घेतली होती, माझ्यासाठी. बाकीच्यांना त्यासाठी रात्रीचं जागावं लागणार होतं आणि त्यावरून एक-दोन सरदार कुरकुरलेही. तिने त्यांना कळवलं, नावाडीण येऊ शकते तीच वेळ. माझ्यासाठी कुणी वेळ बदलून घेतल्याचं मला दुसरं उदाहरण आठवत नाही. मी हजर राहणार असलेला तो पहिलाच प्रसंग होता. शेवटचं आपण तिच्यासोबत असायचं आणि आपण सोबत आहोत हे तिला कळलं पाहिजे, एवढीच एक गोष्ट मला त्या दिवसांत हवी होती. बाकी स्थळं येत होती आणि जात होती, त्याचं मला काही नव्हतं.

त्याच आठवड्यात शेजारच्या वाडीतला एक चुलता वारला. दहावं-तेरावं व्हायच्या आत आई आणि मी भेटायला गेलो. वाटेत आईने मला बजावलं, "तिथं जाऊन बडबडू नको गो. काय बोलायचं नसतं. गप बसायचं. आपण आलो, बसलो, तेवढं पोचतं त्यांना. आनि उठताना येते म्हणू नको." हे मला सांगायची गरज नव्हती. दुखवट्याच्या घरातून निघताना 'येते' म्हणायचं नसतं, त्या घरात पुन्हा तसल्याच कारणाने यावं लागू नये म्हणून. हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. आम्ही गेलो, चुलतीजवळ बसलो. तिने माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे पाहिलं. बऱ्याच वेळाने आई उठली, मी उठले, आणि आम्ही चालू लागलो. पुढे चुलतीने कुणाजवळ तरी म्हटलं, "पोर येऊन बसली, बरं वाटलं." वडील गेले तेव्हा आमच्याकडेही पुष्कळ लोक आले होते. जे बोलले ते काय बोलले ते मला आठवत नाही. जे गप बसले होते त्यांचे चेहरे आठवतात.

शुक्रवारी चाचा नमाजाला गेले. त्या वेळी ते कॅफे बंद करायचे आणि मी मागे बसून डबा खायचे. त्या दिवशी मी म्हटलं, "चाचा, शटर अर्धं खाली ओढा, मला एक काम आहे." त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि काही न विचारता शटर अर्धं ओढून गेले.

मी आले तर घाटावर ही गर्दी. ज्यांना मी कधी पाहिलं नव्हतं, नुसती ज्यांची नावं दिवेवालीच्या गोष्टींतून ऐकली होती, ते सगळे हजर. आणि एकेकाची भाषणं सुरू झाली. काय ती भाषणं! एका सरदाराने तर पडदाभर कविता लिहिली. चोरांनीसुद्धा गळे काढले. दिवेवाली मध्ये उभी होती आणि प्रत्येकाला दोन शब्दांत उत्तर देत होती. मला राग यायला लागला. माणूस जायला निघालंय, त्याच्या दारात कसले पोवाडे गाता? मीही एक वाक्य तयार करून ठेवलं होतं, डिक्शनरी बघून, चार वेळा बदलून. पण त्या गर्दीत ते वाक्य मला फार हलकं वाटायला लागलं. तेही त्या ढिगात जाऊन पडलं असतं.

मग ती होडीत येऊन बसली. होडीत बसलं की काठावरच्यांना आतलं दिसत नाही, ऐकू येत नाही, अशी त्या खेळाची रचना होती. नावेत आम्ही दोघीच. मी लिहिलं, 'नाव सोडते.' होडी चालू लागली. काठ दूर जातो. पाणी संथ आहे. मधला खडक मागे पडतो. ओळी येत होत्या आणि आम्ही दोघी गप्प होतो. मला वाटलं, हिला कळतंय. इतक्या दुपारी आम्ही एकत्र काढल्या, हिला कळणार नाही तर कुणाला कळणार? मी हात मांडीवर ठेवून बसले होते, जसे चुलतीच्या घरात ठेवले होते.

पलीकडचा काठ लागला. 'दिवेवाली उतरते.' 'दिवेवाली कंदील खाली ठेवते.' आणि मग, 'दिवेवाली मागे वळून नावाडिणीकडे पाहते.' त्यानंतर काही आलं नाही. ती पाहत होती आणि मी पाहत होते. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मला त्याची लाज वाटत नव्हती. डोळ्यांतलं पाणी त्या पडद्यावर उमटत नाही, ही साधी गोष्ट त्या वेळी माझ्या मनाला शिवलीही नाही. 'थांब' म्हणायचं मनात आलं. पण अशा घरात रेंगाळायचंही नसतं. थोड्या वेळाने होडी आपली आपण फिरली आणि काठ सोडून निघाली. मी 'येते' म्हटलं नाही. माझ्या मते मी तिला अगदी रीतीप्रमाणे पोचवून आले होते.

मी मशीन बंद केलं, तोंड धुतलं, आणि चाचा आले तेव्हा काउंटरवर बसून डबा खात होते. फार एकटं वाटत होतं, पण आत कुठेतरी समाधानही होतं. एक तरी गोष्ट वेळेवर आणि नीट केली, असं काहीतरी.

दुसऱ्या दिवशी राखणदारांचा निरोप आला होता. कालचा प्रसंग त्यांना कथेत लिहून ठेवायचा होता आणि एका जागी ते अडले होते. मी गेल्यावर दिवेवाली पलीकडच्या काठावर बराच वेळ थांबली होती. मग तिने बाहेरच्या चौकटीत सगळ्यांना विचारलं, नावाडीण आहे का? कुणाला ठाऊक नव्हतं. कुणीतरी म्हणालं, ती तर घाटावर एक शब्द बोलली नाही, असली तरी झोपली असेल. त्यावर दिवेवालीने जे लिहिलं ते राखणदारांनी जसंच्या तसं मला पाठवलं होतं. ते असं होतं: "तिला काही म्हणू नका. तिच्या गावाकडे वीज जाते. नाव सोडली आणि वीज गेली असणार. ती असती तर माझ्याशी बोलली असती." एवढं लिहून ती गेली. तिने आपलं खातंही बंद केलं होतं, आणि तिला निरोप पोचवायचा कुठलाच मार्ग राखणदारांपाशी उरला नव्हता. म्हणून त्यांचा मला एकच प्रश्न होता. तू तिथे होतीस का?

आमच्याकडे वीज जायची हे खरं होतं. मीच तिला कधीतरी सांगितलं होतं; कितीतरी दुपारी बोलणं अर्ध्यावर तुटलं होतं. पण त्या शुक्रवारी वीज गेली नव्हती. चाचांचे ते मेले पंखेसुद्धा त्या दिवशी फिरत होते.

मी तिथेच रडायला लागले. एक बाई नवऱ्याशी बोलता बोलता हेडफोन काढून माझ्याकडे बघायला लागली. चाचा उठून आले. त्यांना काय सांगायचं? मी म्हटलं, एक मैत्रीण होती, ती कायमची गेली, आणि मी तिच्याजवळ असून गप्प बसले, तर तिला वाटलं मी नव्हतेच. चाचांनी मैत्रीण कोण, कुठली, काही विचारलं नाही. ते म्हणाले, "भेटायला गेल्यावर गप बसतात, ते समोर बसून. लाईनीवर गप बसायचं नाय पोरी. लाईनीवर गप बसलं की समोरच्याला वाटतं कट झाली. मी तिकडं होतो, माझी आई गेली तेव्हा घरच्यांनी फोन केला. कुनाला बोलायला येत नव्हतं. आमची ही नुसती रडली फोनवर. मला ते पन चाललं. आवाज होता ना."

चाचांचं बरोबर होतं आणि म्हणूनच मला त्यांचा भयंकर राग आला. आधी कुठे गेलं होतं हे शहाणपण? कॅफेतल्या त्या बायका दर वाक्याला "ऐकताय ना" का करतात, यावर मी वर्षभर मनातल्या मनात हसत होते.

राखणदारांच्या प्रश्नाचं उत्तर मी दोन दिवस दिलं नाही. मी चुकले असं मला तेव्हा वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. आमच्या रीतीने मी तिच्यासाठी जे करता येईल ते सगळं केलं होतं. ती रीत तिच्यापर्यंत पोचली नाही, याला कुणी काय करणार? 'होते' असं लिहायला माझे हात शिवशिवत होते. आयुष्यात पहिल्यांदा मी त्या गावातल्या एका प्रसंगाला हजर होते. तो ऐकीव नव्हता, माझा होता. 'होते' म्हटलं की राखणदारांनी तसं लिहिलं असतं: नावाडीण शेवटपर्यंत सोबत होती.

पण मग दिवेवालीचं काय? सगळ्यांसमोर तिने माझी जामीनकी घेतली होती. ती असती तर माझ्याशी बोलली असती. तिने त्या जगात लिहिलेलं हे शेवटचं वाक्य. मी 'होते' म्हटलं असतं तर ते वाक्य खोटं पडलं असतं, आणि खोटं पडून कायमचं तसंच राहिलं असतं, कारण तिथे झालेलं बदलत नाही. लोक म्हणाले असते, बिचारीला किती भरवसा होता, आणि ही समोर बसून ढिम्म. मला ढिम्म म्हटलं असतं तरी चाललं असतं. तिला बिचारी म्हटलेलं मला चाललं नसतं.

मी लिहिलं, 'नव्हते. वीज गेली होती.' राखणदारांनी आभार मानले आणि कथा पुढे चालू झाली.

त्यानंतरही मी बरेच दिवस त्या गावात जात होते. घाटावर संध्याकाळी दिवे लागत नव्हते, कारण नवी दिवेवाली व्हायला कुणी तयार नव्हतं. नवीन माणसं यायची, अंधार पाहून विचारायची, आणि कुणीतरी त्यांना माझ्याकडे पाठवायचं, की जा, पल्याड हिच्याच होडीतून गेली ती म्हातारी. मग नियमाप्रमाणे मला सांगावं लागायचं, की होडी माझी खरी, पण मी काही पाहिलेलं नाही. मग त्या दिवशी काठावर उभ्या असलेल्यांपैकी कुणीतरी पुढे व्हायचं आणि त्या नवीन माणसाला, आणि त्याच्यासोबत मलाही, तो प्रसंग सांगायचं. दिवेवाली होडीत बसून गात होती म्हणे. मधल्या खडकापाशी तिने पाण्यात दिवा सोडला म्हणे. दर वेळी थोडं वेगळं असायचं. ती गायली नव्हती. तिने दिवा सोडला नव्हता. आम्ही दोघी नुसत्या बसलो होतो. पण हे सांगायचा हक्क मला नव्हता, मी आपली "असं होय?" लिहायचे आणि ऐकून घ्यायचे. खरं काय झालं ते दोघींनाच माहीत होतं. त्यातली एक निघून गेली होती, आणि दुसरी तिथे नव्हतीच.